साधा आणि लंगडा

खमीर हा शब्द आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. भाकरीला ते लागत नाही, आणि पाव आमच्याकडे कुणी आजारी पडलं तरच यायचा, शहापूरच्या बाजारातून, चहात बुडवून खायला. त्यामुळे मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी घरी सांगितलं की आता मी खमिरावर काम करतो, तेव्हा आईचा समज झाला की मला बेकरीत नोकरी लागली. तिला आनंदच झाला. दोन दिवस ती शेजारणींना सांगत फिरली. मग मी तिला बसवून समजावलं की खमीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, एकेक पेशीचे, ते पिठात वाढतात म्हणून पाव फुगतो, आणि त्यांना त्रास दिला की ते काय करतात ते आम्ही बघतो. "जीव हायत त्ये? आन् तू त्यांना तरास देतोस?" एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली. बाबांनी त्या दिवसापासून पाव सोडला, तो कायमचा.

आमचं गाव आटगाव स्टेशनापासून बरंच आत. दिवसभर कोंबड्या, मळणीच्या पेंढ्यात लोळणारी कुत्री, आणि लांबून घाट चढायला निघालेल्या मालगाडीचा आवाज. विजेचे खांब आले होते, तारा आल्या होत्या, वीज मात्र तिच्या मर्जीने यायची. तेव्हा भरवसा कंदिलाचाच. कंदिलाची काच फुटली तर नवी आणायला शहापूरपर्यंत पाय झिजवावे लागत, म्हणून आई त्या काचेला तान्ह्या पोरासारखी जपायची. राखेने घासून, धुऊन, फडक्याने पुसून झाली की ती काच थेट ज्योतीवर चढवायची नाही. आधी चुलीच्या कडेला उबेला ठेवायची, हाताला ऊब लागली की मगच चढवायची. आणि हे काचेपुरतं नव्हतं. नव्या वासराच्या अंगावर थंड पाणी नाही, उन्हातून आलेल्याला लगेच पाणी नाही, आणि वाईट बातमीसुद्धा कुणाच्या तोंडावर एकदम टाकायची नाही. आधी बसवायचं, भाताचं, गुरांचं, इकडचं तिकडचं बोलायचं, माणूस जरा तयार झाला की सांगायचं. बाबा याच्या अगदी उलट. त्यांचं बोलणं म्हणजे कोयत्याचा घाव, एकदाच आणि जिथं हवा तिथंच. या दोघांच्या मध्ये मी वाढलो आणि दोघांपैकी कुणावर गेलो ते मला या वयातही नीट सांगता येत नाही.

सकाळी नाचणीची भाकर आणि सुकटाची चटणी खायची, डब्यात तांदळाची भाकर आणि वालाची भाजी, आणि शहापूरहून मुरबाडची एसटी. कॉलेज लहान होतं. प्रयोगशाळा म्हणून जी खोली होती ती पूर्वीची अडगळीची, आणि तिच्यात आमचे कर्णिक सर राज्य करायचे. सर उंच, किडकिडीत, ठाण्याहून येणारे. शर्टाची बटणं नेहमी एक घर चुकलेली. खोलीत एक रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचं मोठं टोप, एक थर्मामीटर, आणि आत दिवा जळत ठेवलेलं एक लाकडी कपाट. कपाटातल्या त्या उबेत आमचं खमीर वाढायचं. बटाटा उकडून त्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास यांची जेली काचेच्या बशांत ओतायची आणि त्यावर खमिराचे थेंब पसरायचे. प्रत्येक जिवंत पेशीपासून दोनेक दिवसांत एक पांढरा ठिपका तयार होतो. ठिपके दाट म्हणजे जगले, ठिपके विरळ म्हणजे मेले. इतकं सोपं होतं, निदान मला तसं वाटलं होतं.

सरांचा एक मित्र मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करायचा. त्याने दोन जातींचं खमीर पाठवलं होतं. एक धडधाकट. दुसरं तसंच, पण त्यातलं एक जनुक मुद्दाम मोडलेलं. पहिल्याला आम्ही 'साधा' म्हणायचो, दुसऱ्याला 'लंगडा'. आज हा शब्द मी वर्गात वापरणार नाही, पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मित्राचं म्हणणं एवढंच होतं की या जनुकाचा उष्णतेशी काहीतरी संबंध असावा. नेमका काय, ते सरांना बघायचं होतं. सर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे, 'ताण'. पेशीवर ताण आला की ती काय करते? कडक पाण्यात पडली तर तगायला तिला हे जनुक लागतं का? लागत असेल तर लंगडा जास्त मरेल. लागत नसेल तर दोघे सारखेच मरतील. त्यासाठी खमीर काचेच्या नळ्यांत घालून त्या टोपातल्या कडक पाण्यात थोडा वेळ बुडवायच्या आणि मगच त्याचे थेंब बशांवर पसरायचे. मला ताण म्हणजे मृगाच्या आधी बाबांच्या कपाळावर दिसायचा तेवढाच माहीत होता. एवढ्याशा पेशीला कसला आलाय ताण, असं वाटायचं, पण विचारायची हिंमत नव्हती.

हे काम सरांनी दोघांना दिलं. मला आणि वैशालीला. वैशाली टोकावड्याची, तिच्या वडिलांचा माळशेजच्या रस्त्यावर ढाबा होता. तोंडाने फटकळ आणि वर्गात सगळ्यांत हुशार. स्टोव्ह एकच असल्यामुळे ती सकाळी काम करायची आणि मी दुपारी. एकमेकांचं काम आम्ही कधी बघितलं नाही, आणि बघू नये असंच सरांना हवं होतं. दोन हातांनी तेच यायला हवं, म्हणायचे. परीक्षेनंतर दोघांपैकी एकाला ते मुंबईला मित्राच्या प्रयोगशाळेत पाठवणार होते. राहायची सोय, शिकायची सोय, आणि पुढची वाट मोकळी. मला ती जागा हवी होती. किती हवी होती ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. नाहीतर होळीनंतर कसाऱ्याला मामाच्या ओळखीने रेल्वेच्या ठेकेदाराकडे कामाला लागायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

आणि इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. वैशालीच्या बशांवर साधाही मरायचा आणि लंगडाही, दोघांचे ठिपके सारखेच विरळ. माझ्या बशांवर मात्र लंगडा मरायचा आणि साधा खुशाल जगायचा, ठिपक्यांनी बशी भरून जायची. तेच खमीर, तेच टोप, तोच थर्मामीटर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सुरुवातीला सर खूश झाले. त्यांना मनातून वाटतच होतं की फरक यायला हवा, आणि तो माझ्या बशांवर आला होता. मग एकेक दिवस जाऊ लागला तसे ते गप्प झाले. एकदा माझी बशी खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "दत्ता, तुझ्या बशा फार शहाण्या आहेत. मला जे हवं तेच बोलतात." मला ती शाबासकी वाटली. मी हसलोसुद्धा. सर हसले नाहीत, तेव्हा कळलं की ही शाबासकी नव्हे.

मग त्यांनी मला त्यांच्यासमोर प्रयोग करायला सांगितला. मी गेलो तेव्हा स्टोव्ह आधीच पेटलेला होता, टोपातलं पाणी हवं तेवढं तापलेलं होतं, सर हातात घड्याळ घेऊन उभे होते. "टाक," म्हणाले. मी नळ्या उचलल्या आणि टाकल्या. सगळं नेहमीसारखंच केलं, निदान मला तसंच वाटलं. बशा कपाटात ठेवल्या, सरांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दोन दिवसांनी कपाट उघडलं. साधा मेला होता. लंगडाही मेला होता. दोघांचे ठिपके विरळ, अगदी वैशालीसारखेच.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी नसताना साधा जगतो, मी असताना मरतो. याचा अर्थ मी काय घेऊ?" मलाही तेच विचारायचं होतं. ते म्हणाले, "परीक्षा दे. पण या खोलीत आता येऊ नकोस. ज्याच्या हातावर माझा विश्वास नाही त्याला मी दुसऱ्याच्या दारात पाठवू शकत नाही." परत येताना एसटीत मी स्वतःचीच उलटतपासणी घेत होतो. नळ्यांची अदलाबदल तर केली नाही? मला फरक हवाच होता, म्हणून दाट थेंब पसरला असेल का? माणूस आपल्याच नकळत खोटं वागू शकतो का? तुम्हाला कुणी खोटारडा म्हटलं आणि तुम्हाला ठाऊक असलं की तुम्ही नाही, तर राग येतो. पण तुम्हालाच खात्री नसली तर काय येतं, त्याला शब्द नाही. मी शहापूरला उतरायचं विसरून पुढे गेलो.

घरी सांगावंच लागलं. आईने मला आधी जेवायला घातलं, गाय आटल्याचं सांगितलं, मग विचारलं. मी सांगत होतो तोवर बाबा दारात येऊन उभे राहिले.

"सरांशी खोटा बोललास?"

"नाय."

"मंग सर उगाच सांगतील?"

"त्यांना तसा वाटला, बाबा."

"का वाटला?"

"मना नाय माहीत."

"तुजा हात, तुजा काम, आन् तुला नाय माहीत?" एवढं बोलून ते निघून गेले, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचेच थांबले. बाबांच्या लेखी मास्तर हा माणूस कुणावर फुकट आळ घेत नसतो. त्यांनी मला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, ताट बंद केलं नाही. फक्त माझ्याकडचे शब्द काढून घेतले. दिवस राब भाजायचे होते. रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या टहाळ्या पसरून, वर माती टाकून ते जाळायचं, म्हणजे पावसाळ्यात तिथं रोप जोमाने येतं. मी झाडावर चढून टहाळ्या तोडायचो, बाबा खाली भारे बांधायचे, आणि मध्ये आई. "त्याला सांग, ती फांदी ठेव." आई मान वर करून म्हणायची, "फांदी ठेव रे." मी म्हणायचो, "त्यांना सांग, ठेवली." बाबांना ऐकू गेलेलं असायचं, तरी ते आईच्या तोंडाकडे बघत थांबायचे. एक दिवस ती मधूनच उठून गेली, "तुमच्यात मी काय फोनचा डबडा हाय?" म्हणून. मग झाडाखाली आम्ही दोघेच उरलो.

पूर्वपरीक्षेसाठी कॉलेजात जावं लागलंच. पेपर सुटल्यावर नळावर पाणी पीत होतो तर वैशाली मागे येऊन उभी राहिली.

"काय रे, खरंच फसवलंस सरांना?"

"तू पन इचार आता."

"इचारते म्हंजे? तुजा खोटा ठरला म्हणून माजा खरा ठरला. आसा जिंकलेला मना नको." तिने ओंजळीभर पाणी तोंडावर मारलं. "चल वर. सर तीन दिस ठाण्यालाच हायत, किल्ली माज्याकडं हाय. माज्यासमोर कर. जसा रोज करायचास तसाच. मी बोलनार नाय, नुसती बघनार."

मी नको म्हणत होतो, पण तिच्यापुढे कुणाचं नको चालत नसे. वर जाऊन मी स्टोव्हला पंप मारला, टोप चढवलं. पाणी तापायला आमच्या त्या स्टोव्हवर चांगला अर्धा-पाऊण तास जायचा. पाणी जरा कोमट झालं तसं मी त्यातलं मगभर काढून घेतलं, नळ्या त्या मगात उभ्या केल्या आणि बशांवर नावं लिहायला बसलो. थोड्या वेळाने मगातलं पाणी निवलं वाटून टोपातलं आणखी थोडं ओतलं. वैशाली स्टुलावर बसून पाय हलवत होती. पाय हलायचे थांबले.

"ह्ये काय करतोस?"

"काय?"

"नळ्या कोमट पान्यात कशाला?"

मला तिचा प्रश्नच समजेना. "मंग कुटं ठेवू? थंडगार काच एकदम कडक पान्यात टाकली तर तडकंल ना."

"मी तर अशाच टाकते. टेबलावरच्या उचलून. एक पन नाय तडकली."

मला एकदम तो दिवस आठवला. सरांसमोर पाणी आधीच तापलेलं होतं. वाट बघायचीच नव्हती, म्हणून कोमट पाण्याचा मग मी भरलाच नव्हता. आणि खरंच, त्या दिवशी एकही नळी तडकली नव्हती. मी काही लपवलं नव्हतं. सरांनी मला कृती विचारली तेव्हा ती सांगितली नव्हती, कारण ती कृती आहे हेच मला माहीत नव्हतं. घरात शिरताना चपला काढल्या, हे कुणी सांगत बसतं का?

त्या दुपारी आम्ही दोघांनीही दोन्ही रीतींनी केलं. तिने माझ्या मगात नळ्या ठेवल्या, मी तिच्यासारख्या टेबलावरून उचलून टाकल्या. मग दोन दिवस मी जेवलो काय, पेपरात लिहिलं काय, आठवत नाही. कपाट उघडलं तेव्हा वैशाली माझ्या पुढे होती. थेट टाकलेले सगळे मेले होते, साधे काय आणि लंगडे काय, तिच्या हातचे काय आणि माझ्या हातचे काय. आधी कोमट पाण्यात बसलेले साधे मात्र जगले होते, तिच्या हातचेसुद्धा. आणि लंगडे कोमट पाण्यात बसूनही मेले होते. मला हसू फुटलं, आवरेचना. ती मात्र घाबरल्यासारखी दिसत होती. "मंग खरा कुनाचा?" म्हणाली. मी म्हटलं, दोघांचा. ती म्हणाली, आसा कसा? मला तरी कुठे कळलं होतं?

कळलं ते दुसऱ्या दिवशी सरांना. त्यांनी सगळ्या बशा खिडकीत ओळीने मांडल्या, आम्हाला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, आणि मग खुर्चीत बसून राहिले. अवचित घाव बसला तर हे जनुक असून नसून सारखंच, ते हळूहळू म्हणाले, पण आधी थोडी सूचना मिळाली तर पेशी तयारी करते, आणि ती तयारी करायला हे जनुक लागतं. लंगड्याला सूचना मिळते, पण तयारी करता येत नाही. हे बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यांनी ऑफिसातून मुंबईला मित्राला फोन लावला. मित्राने ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे बाहेरदेशी आधीच सापडलेलं आहे, छापूनही आलेलं आहे, त्यालाही नुकतंच कळलं. म्हणजे आम्ही जगाला काही नवं दिलं नाही. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, आता साठीला टेकलो, आणि अजून मला ठरवता येत नाही की माझ्या हातून त्या वर्षी चूक झाली होती की काम झालं होतं. चुकून बरोबर झालेल्या गोष्टीला काय म्हणायचं? वैशाली मुंबईला गेली ती याच विषयात राहिली. ती फोनवर म्हणते, तू अजून त्यातच अडकलायस होय. असेन.

त्याच रविवारी सर आमच्या घरी आले. स्कूटरवरून, धुळीने पांढरे झालेले, बटणं तशीच चुकलेली. आमच्या दारात कॉलेजचा सर येण्याची ही पहिलीच वेळ. आईने घोंगडी टाकली, तांब्या दिला. बाबा राबावरून तसेच आले होते, हाताला राख. सर पाणी प्यायले आणि मग आंब्याच्या मोहराबद्दल बोलले, रस्त्याबद्दल बोलले, भातसा धरणाच्या पाण्याबद्दल बोलले. मला कळत होतं की त्यांना बोलायचं आहे आणि जमत नाही. मुंबईला जाणाऱ्याचं नाव त्यांनी आधीच पाठवून दिलं होतं, वैशालीचं, ते आता बदलता येत नव्हतं, हेही त्यांना सांगायचं होतं. बाबांनी थोडा वेळ ऐकलं.

"सर, त्या खमिरातला मना काय कलत नाय," ते म्हणाले. "माजा पोरगा खोटा बोलला का नाय, येवढाच सांगा."

"नाही," सर म्हणाले. "तो खरं तेच बोलत होता. मला कळायला उशीर झाला. जागा मात्र..."

बाबांनी हात वर केला. जागेचं त्यांना ऐकायचंच नव्हतं. मला ऐकायचं होतं, आणि ऐकून वाईट वाटलं, ते मी नाकारणार नाही. पण बाबा सरांकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "तुमाला उशीर झाला, ठीक हाय. तुमी परके," ते म्हणाले. "मी ह्याच्याशी येवढे दिस बोललो नाय, सर. सोताच्या पोराशी. ते आता मी कुटून आणू?"

सर कुठल्याही प्रश्नाला फळ्यापाशी जाऊन उत्तर द्यायचे. आमच्या घरात फळा नव्हता; त्यांनी तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि बाबांनी सवयीने तिच्याकडे तोंड केलं, "त्याला सांग" म्हणायला ओठ उघडलेसुद्धा. मग थांबले. माझ्याकडे वळले.

"दत्तू," म्हणाले, "हात धू. सरांबरोबर जेवाया बस."

मी उठलो, पण मला मोरी कुठे आहे तेच सुचेना.